भरल्या गाडीचे लाइट

माझ्या बायकोचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, चांगला कळता माणूस आणि असा का वागला? मी गाड्यांचं वायरिंग करतो. तेवीस वर्षं करतोय, आणि या कामात माझा हात धरणारं या रस्त्यावर कुणी नव्हतं. आता आहे, आणि ती माझ्याच घरात राहते.

तिला दुकानात आणली मीच. आठ वर्षांपूर्वी मला चाळिशी लागली, बारीक वायरींची टोकं दिसेनाशी झाली, तेव्हा तिला म्हटलं, घरात बसून लोकांचे कपडे शिवतेस त्यापेक्षा दुकानात येऊन टोकं जोडून दे. पहिल्या वर्षी तिनं टोकं जोडली. दुसऱ्या वर्षी फ्यूज का उडतो ते मला सांगायला लागली. तिसऱ्या वर्षापासून ड्रायव्हर केबिनमधून उतरता उतरता विचारायला लागले, "वहिनी आहेत का?" मी समोर उभा असतो. हातात टेस्टर असतो, अंगावर दुकानाचं नाव छापलेला शर्ट असतो. तरी माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतात, वहिनी आहेत का. परवा तर शेजारचा टायरवाला कुणाला तरी पत्ता सांगत होता, तो मी माझ्या कानांनी ऐकला. "त्या वायरिंगवाल्या बाई आहेत ना, त्यांच्या बाजूलाच." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाऊन मी तिला काही बोललो नाही, नुसतं जेवणात मीठ कमी आहे म्हणालो. मीठ बरोबर होतं.

तरी एक गाडी माझी होती. बापूंची.

बापू म्हणजे कुणाचेच बापू नाहीत, सगळे म्हणतात म्हणून बापू. वय पासष्टीच्या पुढे. त्यांचा ट्रक जुन्या घडणीचा, पुढे लांब नाक असलेला. तसले आता रस्त्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. मी दुकान उघडलं त्या आठवड्यात पहिलं गिऱ्हाईक म्हणून बापूच आले. तेव्हापासून त्या गाडीतली एकूणएक वायर माझ्या हातची आहे. बापूंनी कधी दुसऱ्या कुणाला तिच्यात हात घालू दिला नाही. बाकीचे सगळे ट्रक बायकोला लखलाभ. ही एक गाडी तेवढी माझी राहावी, एवढंच मला हवं होतं.

त्या बुधवारी बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी होतं, ते अचानक एक दिवस अलीकडे आणलं. सकाळी निघताना ती दारात उभी राहून मला कामाचं काहीतरी सांगत होती. मी रेडिओ लावला होता तो कमी केला नाही. नऊच्या सुमाराला बापूंची गाडी दुकानापुढे येऊन उभी राहिली, मागे फरशा भरलेल्या, मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, पार दबलेले. बापू सावकाश खाली उतरले, पाठ सरळ केली, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "वहिनी आहेत का?"

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मला.

"नाहीत," मी म्हणालो. "मी आहे."

"तू आहेसच रे. तू कुठं जातोस!" बापू स्टुलावर बसले. "लाइट लावायचेत. पुढे दोन, धुक्याचे. मागे एक. खिंडीत पहाटे एवढं धुकं असतं की काय सांगू तुला. गेल्या आठवड्यात खिडकीतून मुंडकं बाहेर काढून चालवत होतो, तरी डावं चाक रस्ता सोडून खाली गेलं. थोडक्यात वाचलो. उद्या पहाटे परत तिकडेच जायचंय. घरात पोरीला बोललो नाही, नाहीतर चावीच काढून घेईल."

"मग मला आधी नाही का सांगायचं?"

"सांगायला आलो होतो की काल! तू माल आणायला गेला होतास. वहिनींनी बघितली गाडी. तासभर बघितली. खाली घुसून, वर चढून. जागा शोधून खुणासुद्धा करून ठेवल्यात. म्हणाल्या, उद्या येताना गाडी भरून आणा, कारण..."

"कारण-बिरण राहू द्या," मी म्हणालो. "भरलेल्या गाडीखाली कोण झोपतं? आधी रिकामी करून आणा. मग बघतो मी."

"अरे पण त्या..."

"बापू, काम कुणाला करायचंय?"

बापू उठले. फरशा पलीकडच्या वस्तीत एका बांधकामावर टाकायच्या होत्या, त्या टाकून अकरापर्यंत येतो म्हणाले. जायच्या आधी चहा प्यायला कोपऱ्यावर गेले. गाडी तिथंच उभी होती. मी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

खुणा लगेच दिसल्या. निळ्या खडूच्या. कपड्यावर मापं टाकायचा चपटा खडू असतो, तो. शिवणकाम सुटलं तरी तो खडू तिच्या पर्समध्ये असतो. पुढच्या बंपरखाली, चॅसीपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, बंपरला धरून ठेवणारे जे दोन जाड लोखंडी हात असतात, त्यांच्यावर एकेक गोल. गोलाच्या शेजारी बारीक बाण. मागची खूण शोधायला मात्र मला वाकावं लागलं. ती मागे नव्हतीच. डाव्या अंगाला, हौद्याच्या फळ्यांच्या खाली, मागच्या चाकाच्या बरीच पुढे होती.

माझ्या गाडीवर तिचा खडू. माझ्या, असं मी म्हणतोय, गाडी बापूंची हे मला कळतं. पण त्या वेळी माझ्या मनात तेच आलं. मी गेलो माल आणायला, आणि या दोघांनी मिळून तासभर माझी गाडी बघितली. हसतखिदळत बघितली असणार. तिनं बापूंना चहा दिला असणार. आणि रात्री मला याबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोललीही असेल, रेडिओ असतोच.

मी फडकं पाण्यात बुडवलं आणि तिन्ही खुणा पुसून टाकल्या. अगदी घासून पुसल्या. चोरी करताना माणसाच्या हाताला जसा वेग येतो तसा माझ्या हाताला आला होता. मग फडकं पिळून वाळत टाकलं आणि आत जाऊन उगाच ड्रॉवर लावत बसलो.

अकराला बापू रिकामी गाडी घेऊन आले. मी मनाशी ठरवलं होतं, या गाडीवर शंभर जागा सापडतील, फक्त तिनं सांगितलेल्या तीन सोडून.

पहिल्यांदा टपावर चढलो. टपावर लाइट लावले की गाडीला काय रुबाब येतो! पण टपाच्या पत्र्याखाली जुनी लाकडी चौकट आहे. बापू खालून ओरडले, "भोक पाडू नकोस हां तिथं, पाणी झिरपतं." शिवाय धुक्यात वरून उजेड टाकला की तो समोर पांढरा होऊन परत डोळ्यावरच येतो, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मलाही कळत होतं. तरी दहा मिनिटं मी वर बसून राहिलो, कारण उतरलो तर पुढची जागा शोधावी लागली असती.

मग मडगार्ड. बोटानं वाजवून बघितलं. अर्ध्या मडगार्डचा आवाज पत्र्याचा येत होता, अर्ध्याचा नुसत्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा. गंजलेल्या भोकांत लांबी भरून वर रंग मारलेला. तिथं ड्रिल टेकवलं असतं तर मडगार्ड हातात आलं असतं. मग पुढची जाळी. बापूंना इंजिन चालू करायला लावलं, लाइट जाळीला हातानं धरून पेटवला, तर समोर उजेड नुसता नाचत होता. मग आरशाचे दांडे. ते तर इंजिन बंद असतानाही हलतात. मग बंपर. जुन्या गाडीचा बंपर चांगला जाड असतो म्हणून मोठ्या आशेनं डावं टोक दाबलं, ते आत गेलं आणि परत बाहेर आलं. केव्हातरी ठोकर बसून वाकलं होतं, ठोकून सरळ केलं होतं, आणि त्याला दम राहिला नव्हता.

"जुनी गाडी आहे रे," बापू म्हणाले, जणू माफी मागत. "तिला आता कुठं काही अडकवायचं म्हणजे..."

"सापडेल जागा."

"वहिनींना कशी पटकन सापडली?"

मी बंपरचं दुसरं टोक दाबून बघितलं. दीड वाजला, जेवणाचा डबा तसाच पडून होता, आणि मी त्या दोन लोखंडी हातांना वळसा घालून घालून थकलो होतो. शेवटी गाडीखाली सरपटत गेलो. प्रत्येक हाताला दोन बोल्ट होते, मूळचे, कारखान्यातून आलेले. त्यातला एक काढायचा, त्याच भोकात लांब बोल्ट घालायचा, त्यावर पट्टी, पट्टीवर लाइट. नवं भोक नको, थरथर नाही, आणि उजेड जमिनीलगत, धुक्याच्या खालून. यापेक्षा चांगली जागा त्या अख्ख्या गाडीवर नव्हती. सकाळी खूण पुसतानाच मला हे दिसलं होतं. दिसलं म्हणूनच इतकं घासून पुसलं होतं.

दोन्ही लाइट तिथंच लावले. बापूंनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "इथंच होती ना वहिनींची खूण? गेली कुठं?"

"धुळीनं गेली असेल."

"पण धूळ तर..." म्हणत बापूंनी बंपरवरून बोट फिरवलं.

आता मागचा लाइट. इथं मात्र मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इथं बाईसाहेब चुकल्या होत्या! मागे घेतानाचा लाइट मागे लावतात. कुणी फळ्यांच्या खाली, कडेला, चाकाच्या पुढे लावतं का? बरं झालं. एकदा तरी चुकल्या. मी लाइट मागच्या आडव्या लोखंडाला मधोमध लावला, वायर ओढली, बटण बसवलं आणि ऐटीत म्हणालो, "घ्या मागे."

बापूंनी गाडी मागे घेतली. मी उजेडाकडे बघत होतो, झकास पडला होता. आणि गाडी सरळ टायरवाल्याच्या पाण्याच्या पिंपावर गेली. पिंप आडवं झालं, टायरवाला शिव्या देत बाहेर आला. मी धावत पुढे गेलो तर बापू स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसलेले, नजर डाव्या आरशात.

"मागे बघा ना, बापू! मान वळवा की!"

"मान वळत नाही रे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. या डाव्या आरशात जेवढं दिसतं तेवढंच मला दिसतं."

"मला कधी बोलला नाहीत?"

"कुणालाच नाही बोललो. ड्रायव्हरची मान गेली म्हटल्यावर कोण माल देईल? पण वहिनींनी विचारलं. म्हणाल्या, बापू, मागे घेताना तुम्ही कुठं बघता ते मला करून दाखवा. मग त्या माझ्या सीटवर बसल्या, मान ताठ धरून, आणि आरशात बघत राहिल्या."

मी फळ्यांच्या खाली वाकून ती जागा पुन्हा बघितली. तिथून मागे उजेड टाकला तर डावं चाक आणि रस्त्याची कड, दोन्ही त्याच आरशात दिसणार होतं. तेवीस वर्षांत मी त्या गाडीचा प्रत्येक स्क्रू ओळखत होतो आणि तिच्यात बसणाऱ्या माणसाची मान मला दिसली नव्हती. बायको ती तासाभरात बघून गेली. लाज वाटायला हवी होती, थोडी वाटलीही, पण लाजेपेक्षा हेवाच जास्त होता. तिला हे सुचतंच कसं? कुणी शिकवलं? मला का नाही सुचत?

लाइट काढून बायकोनं खूण केलेल्या जागी लावला. "मलाही हेच वाटत होतं," असं म्हणालोसुद्धा. बापू पिंप उचलायला गेले होते, त्यांनी ऐकलं नसावं.

शेवटी पुढच्या लाइटची नजर बसवली. दुकानासमोर रस्त्यापलीकडे गोदामाची भिंत आहे, तिच्यावर मी निळी आडवी रेघ मारून ठेवली आहे. त्या रेघेच्या चार बोटं खाली उजेडाची वरची कड आली पाहिजे. भिंतीला एक फळी टेकवली, तिच्यावर उजेड घेतला, नट आवळले. एकट्यानं केलं सगळं. रेघ बघून कुणीही म्हणावं, याला म्हणतात काम. बापू गाडी घेऊन पलीकडच्या गोदामात उद्याचा माल भरायला गेले. बटाट्याची पोती होती. भरून झाल्यावर येतो म्हणाले, वहिनींनाही दाखवू.

"त्यांना काय दाखवायचंय?" मी म्हणालो. पण ते गेले होते.

सहा वाजून गेल्यावर बायको बसमधून उतरली. हातात औषधांची पिशवी, चेहरा दमलेला. बहिणीच्या डोळ्याबद्दल विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. ती पाणी पीत असतानाच बापूंची गाडी आली, पोत्यांनी गच्च भरलेली. दिवस मावळत होता. बापूंनी खिडकीतून हात केला आणि हौसेनं पुढचे दोन्ही लाइट पेटवले.

उजेड भिंतीवर पडलाच नाही. भिंतीच्या वरून, रेघेच्या कितीतरी वरून, गोदामावरच्या बिऱ्हाडात गेला. आतल्या बाईंनी खिडकीत येऊन आमच्याकडे बघितलं आणि फाडकन पडदा ओढून घेतला.

मागे पोती चढली की मागचे पाटे दबतात, गाडीचं नाक वर होतं, आणि नाकाला लावलेले लाइट आभाळाकडे बघायला लागतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. हे काम शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात सांगतात. असल्या लाइटवर बापू उद्या पहाटे खिंडीत गेले असते, तर धुक्याची पांढरी भिंत त्यांनी स्वतःच डोळ्यांपुढे उभी करून घेतली असती.

"रिकाम्या गाडीवर बसवले का?" बायकोनं विचारलं. ती बापूंना विचारत होती.

"मी सकाळी भरूनच आणली होती हो वहिनी," बापू खाली उतरत म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तसं. तुम्ही म्हणालात ना, ह्यांचं सांगणं आहे, गाडी भरलेलीच पाहिजे. म्हणून मुद्दाम फरशा भरून आलो. आणि हाच म्हणतो, आधी रिकामी करून आणा! मी म्हटलं, कारागीर माणूस, बदललं असेल डोकं."

"माझं सांगणं?" मी म्हणालो. "मी कधी सांगितलं?"

बायको माझ्याकडे वळली. "मी दुकानात आले त्या पहिल्या वर्षी. दुधाचा टँकर होता. तुम्ही मला सांगितलंत, भरल्या गाडीचे लाइट भरल्या गाडीवरच बसवायचे. मी तेच सगळ्यांना सांगते. हे म्हणतात, असंच सांगते."

दुधाचा टँकर मला आठवला. मी ते बोललो तेही आठवलं, चांगला हात हलवून, गुरुजींसारखा बोललो होतो. म्हणजे सकाळपासून ज्या वाक्यावर मी जळत होतो ते माझंच होतं. ते तिच्याकडून आलं म्हणून मला ओळखता आलं नाही. आणि ती गावभर माझ्या नावानं सांगत फिरत होती.

तुम्हाला वाटेल, इथं तरी याचं पोट शांत झालं असेल. नाही झालं. उलट अधिकच दुखलं. तिचं काम चांगलं, तिची नजर चांगली, आता हेही चांगलं? माणसानं दुसऱ्याला हेवा वाटेल अशा गोष्टी थोड्या तरी कमी ठेवाव्यात.

"आणि खुणा?" ती म्हणाली. "खुणा दिसल्या नाहीत का तुम्हाला?"

"धुळीनं गेल्या म्हणे," बापू म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना कळलं होतं. बहुतेक दुपारीच कळलं होतं. ते मला वाट करून देत होते, आणि मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मी पुसल्या," मी म्हणालो.

"का?"

"तू केल्या होत्यास म्हणून."

बापू चाकांची हवा बघायला म्हणून पलीकडच्या बाजूला गेले. रस्त्यावरून एक सायकल गेली. बायको माझ्याकडे बघत होती. ती रडेल असं मला वाटलं, मग वाटलं ओरडेल. तिनं औषधांची पिशवी स्टुलावर ठेवली आणि हात पुढे केला.

"पाना द्या."

मी दिला.

"जा, भिंतीपाशी उभे राहा. फळी काढा ती. रेघेखाली हात धरा, चार बोटं सोडून. फळीवर कड नीट दिसत नाही, हातावर दिसते."

नजर बसवताना भिंतीपाशी इतकी वर्षं तीच उभी राहायची. मी गाडीपाशी, ती तिकडे हात धरून. मी ओरडायचो, वर, खाली, अगं हलू नकोस. आज मी रस्ता ओलांडला, भिंतीला पाठ लावली आणि रेघेखाली तळहात धरला. तिनं बापूंना लाइट लावायला सांगितलं.

दोन्ही लाइट आधी माझ्या डोक्यावरून गेले. मग एक खाली आला आणि माझ्या डोळ्यांवर आला. मला काही दिसेना. गाडी नाही, दुकान नाही, बापू नाहीत, ती नाही. नुसता उजेड, आणि त्याच्या पलीकडून पान्याचा आवाज. तिकडे ती दोघं बोलत होती, काय बोलत होती ते कळत नव्हतं. बापू हसले. ती उजेडाच्या त्या बाजूला होती, जिथं मी तेवीस वर्षं उभा होतो. त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता. आणि मी तिथं दोन मिनिटंही उभा राहिलो नव्हतो. ती आठ वर्षं राहिली होती.

"हात जरा वर," तिचा आवाज आला. "अजून. बस."

मग पाना थांबला.

"आठ वर्षं मला वाटायचं," उजेडामागून ती म्हणाली, "तुम्ही इथून मला बघताय."

खोटं बोलायला त्या उजेडात जागा नव्हती. "मी लाइट बघायचो," मी म्हणालो.

पाना परत फिरायला लागला. दुसरा लाइट हळूहळू खाली सरकत माझ्या कपाळावर आला, डोळ्यांवर आला, छातीवर आला.

"आणि तू?" मी विचारलं. "तू आत्ता मला बघतेस का?"

"मी लाइट बघतेय," ती म्हणाली. "हात हलवू नका."